नव्या कामगार संहिता आणि कामगारांचे आरोग्य : कारखानदारांवरील परिणामांचे विवेचन

प्रस्तावना

कारखानदारी आणि कामगार कायदा यांचे नाते भारतात सुमारे दीडशे वर्षांचे आहे. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यापासून आजपर्यंत प्रत्येक नव्या कायद्याच्या वेळी दोन भाकिते ठरलेली असतात. उद्योग बुडेल असे मालकवर्ग म्हणतो आणि कामगाराच्या हाती काहीच पडणार नाही असे कामगार संघटना म्हणतात. प्रत्यक्षात बहुधा दोन्ही भाकिते पूर्णांशाने खरी ठरत नाहीत. कायद्याचा परिणाम त्याच्या उद्देशिकेतून कळत नाही. व्याख्या, संख्यामर्यादा आणि अंमलबजावणीची यंत्रणा या तीन ठिकाणी तो शोधावा लागतो.

संसदेने २०१९ व २०२० मध्ये संमत केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. त्यांवरील चर्चा मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : कामगार कपात करणे मालकांना सोपे झाले काय? हा प्रश्न महत्त्वाचा असला, तरी त्याच्या गदारोळात दुसरा तितकाच महत्त्वाचा विषय मागे पडला. तो म्हणजे कामगाराचे आरोग्य, त्याचा विमा आणि त्या खर्चाचा भार. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचा एकत्रित विचार केला आहे. कारण एका संहितेने नेमणुकीची मुदत कमी करण्याची मुभा द्यावी आणि दुसऱ्या संहितेने दीर्घकाळ काम करणाऱ्या कामगारास डोळ्यांसमोर ठेवून आरोग्यसंरक्षण द्यावे, असा विसंवाद या कायद्यांच्या सांध्यावर दिसून येतो.

लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) वेतनाच्या नव्या व्याख्येचा कारखान्याच्या खर्चावर आणि आरोग्यविम्याच्या कक्षेवर होणारा परिणाम उदाहरणांसह स्पष्ट करणे.
२) राज्य कामगार विमा योजनेतील वर्गणी कारखानदारास भाररूप का वाटते, याची कारणमीमांसा करणे.
३) निश्चित मुदतीची नेमणूक आणि व्यावसायिक आजार यांतील संबंध तपासणे.
४) लहान व मध्यम कारखानदारांच्या दृष्टीने काही सूचना करणे.

विवेचन वस्तुनिर्माण उद्योगापुरते मर्यादित आहे. उदाहरणांतील वेतनाचे आकडे केवळ हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून योजिले असून ते कोणत्याही विशिष्ट कारखान्याचे नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कामगाराच्या आजारपणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शासकीय पातळीवर गांभीर्याने हाती घेतला गेला. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याची छाननी केल्यानंतर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा अस्तित्वात आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. महाराष्ट्रात ही योजना ‘राज्य कामगार विमा योजना’ या नावाने आणि बोलण्यात ‘ईएसआय’ म्हणून परिचित आहे.

या योजनेमागे एक सरळ देवघेव होती. मालकाने दरमहा वर्गणी भरावी आणि त्या बदल्यात कामावरील अपघात व व्यावसायिक आजार यांची भरपाई देण्याच्या दायित्वातून त्याची मुक्तता व्हावी. ते दायित्व महामंडळाने पत्करावे. कामगारास उपचार, आजारपणातील रोख साहाय्य आणि अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळावे. योजना मालकावरील उपकर म्हणून कल्पिलेली नव्हती, तर जोखीम वाटून घेण्याची ती व्यवस्था होती. हे मूळ सूत्र विसरले गेल्यामुळेच आजच्या वादाला धार आली आहे.

कामगार कायद्यांच्या एकत्रीकरणाची कल्पनाही नवी नाही. रवींद्र वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या राष्ट्रीय कामगार आयोगाने २००२ च्या अहवालात विखुरलेल्या कायद्यांचे विषयवार गट करण्याची शिफारस केली होती. तिचे कायद्यात रूपांतर होण्यास जवळजवळ दोन दशके लागली.

संहितांची रचना

केंद्राचे २९ कायदे चार संहितांमध्ये सामावून घेतले आहेत. वेतन संहिता, २०१९ मध्ये चार, औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये तीन, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये नऊ आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये तेरा कायदे विलीन झाले. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने केंद्राप्रमाणे राज्यांनाही नियम करावे लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी संहिता अंमलात आल्या, त्या दिवशी सर्व नियम तयार नव्हते. केंद्राच्या नियमांचे मसुदे डिसेंबर २०२५ च्या अखेरीस हरकतींसाठी प्रसिद्ध झाले. विसंगत नसतील तेथवर जुने नियम चालू राहतील, अशी व्यावृत्ती संहितांमध्ये आहे. यामुळे कारखानदारास नवा कायदा आणि जुने नियम एकत्र वाचण्याची कसरत करावी लागली.

महाराष्ट्रात आणखी एक गुंतागुंत आहे. कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयीचा राज्याचा १९७१ चा स्वतंत्र कायदा निरसित केलेल्या २९ कायद्यांत नाही. त्यानुसार ३० टक्के सदस्यत्व असलेली संघटना मान्यतेसाठी अर्ज करू शकते, तर औद्योगिक संबंध संहितेत अनेक संघटना असल्यास ५१ टक्के पाठिंब्याची कसोटी आहे. समवर्ती विषयातील केंद्र व राज्य कायद्यांच्या विसंगतीचा प्रश्न राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४ च्या कक्षेत येतो आणि त्याचे उत्तर अखेरीस न्यायालयांकडूनच अपेक्षित आहे.

वेतनाची व्याख्या : खर्चाचे मूळ

संहितांतील सर्वांत दूरगामी बदल कोणता, असे विचारल्यास वेतनाच्या व्याख्येकडे बोट दाखवावे लागेल. पूर्वी भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस आणि कामगार विमा या प्रत्येकासाठी वेतनाची वेगळी व्याख्या होती. त्यामुळे मूळ वेतन कमी व भत्ते अधिक ठेवण्याची रीत रूढ झाली. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वांना सरसकट दिले जाणारे विशेष भत्ते भविष्यनिर्वाह निधीच्या वर्गणीसाठी धरले पाहिजेत असा निर्णय दिला आणि या रीतीला पहिला मोठा धक्का बसला.

संहितेत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, जादा कामाचा भत्ता, दलाली आदी बाबी वेतनातून वगळल्या आहेत. मात्र अशा वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून अधिक झाली, तर वरची रक्कम वेतन म्हणून धरली जाते. याचा परिणाम पुढील दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

तक्ता क्र. १ : नव्या व्याख्येचा परिणाम (दरमहा, रुपये)

कामगार ‘अ’ : एकूण मोबदला ३०,०००. मूळ वेतन व महागाई भत्ता १३,०००, घरभाडे भत्ता १२,०००, प्रवास भत्ता ५,०००. वगळलेल्या बाबी १७,०००. निम्म्याहून अधिक रक्कम २,०००. नव्या व्याख्येनुसार वेतन १५,०००.

कामगार ‘ब’ : एकूण मोबदला २०,०००. मूळ वेतन व महागाई भत्ता १३,०००, घरभाडे भत्ता ५,०००, प्रवास भत्ता २,०००. वगळलेल्या बाबी निम्म्याहून कमी. नव्या व्याख्येनुसार वेतन १३,०००.

प्रथम ‘अ’चा विचार करू. भविष्यनिर्वाह निधी मूळ वेतन व महागाई भत्त्यावर १२ टक्के दराने भरला जात असेल, तर मालकाचा हिस्सा १,५६० वरून १,८०० रुपये होईल. उपदानाचा हिशेब सेवेच्या प्रत्येक वर्षास १५ दिवसांचे वेतन, म्हणजे मासिक वेतनाचे १५/२६, असा असतो. ते वर्षाला ७,५०० वरून सुमारे ८,६५४ रुपये, म्हणजे दरमहा सुमारे ९६ रुपयांनी वाढेल. राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये ठरविण्यात आली. जुन्या कायद्यात घरभाडे भत्ताही वेतनात धरला जात असल्याने ‘अ’चे विम्यासाठीचे वेतन किमान २५,००० रुपये होते व तो योजनेबाहेर होता. नवी व्याख्या जशीच्या तशी लावल्यास त्याचे वेतन १५,००० ठरते आणि तो योजनेत येतो. १ जुलै २०१९ पासून लागू झालेल्या दरांनुसार मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ४८७.५० रुपये, आणि कामगाराचा ०.७५ टक्के, म्हणजे ११२.५० रुपये होतो.

मालकाचा एकूण वाढीव भार दरमहा सुमारे ८२४ रुपये, म्हणजे मोबदल्याच्या २.७ टक्क्यांच्या आसपास येतो. कामगाराच्या हाती येणारी रक्कम ३५२.५० रुपयांनी घटते. ही घट भविष्यनिर्वाह निधीची बचत व विमा या रूपाने त्याच्याच नावे जमा होत असली, तरी महिनाअखेर वेतनचिठ्ठी पाहणाऱ्यास ते समाधान पुरेसे वाटत नाही, हे व्यवस्थापकांना ठाऊक आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०१४ मध्ये १५,००० रुपयांची वेतनमर्यादा ठरली होती. ज्यांची वर्गणी या मर्यादेवरच भरली जात होती, त्यांच्या बाबतीत त्या निधीचा भार व्याख्येमुळे वाढत नाही.

उपदानाच्या बाबतीत आणखी एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. उपदान अखेरच्या वेतनावर आणि संपूर्ण सेवेसाठी दिले जाते. त्यामुळे व्याख्येतील बदल मागील वर्षांनाही लागू होतो. ‘अ’ची सेवा २० वर्षांची असेल तर केवळ व्याख्येमुळे दायित्व सुमारे २३,००० रुपयांनी वाढते. असे शंभर कामगार असलेल्या कारखान्यास सुमारे २३ लाख रुपयांची तरतूद करावी लागेल. संहिता लागू झाल्यानंतरच्या पहिल्याच तिमाहीच्या हिशेबांत अनेक मोठ्या कंपन्यांनी अशा एकरकमी तरतुदी दाखविल्या. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ती एक ओळ असते. बँकेच्या कर्जावर चालणाऱ्या लहान कारखान्यास मात्र ती पतमर्यादेचा प्रश्न होऊन भिडते.

आता ‘ब’कडे वळू. तो पूर्वीपासूनच विमाधारक होता. प्रवास भत्ता वगळून त्याचे विम्यासाठीचे वेतन १८,००० रुपये होते. मालक त्याच्यासाठी ५८५ रुपये भरत असे. नव्या व्याख्येनुसार वेतन १३,००० ठरल्याने मालकाची वर्गणी ४२२.५० आणि कामगाराची १३५ ऐवजी ९७.५० रुपये होते. येथे मालकाचा खर्च वाढत नाही, उलट घटतो. परंतु आजारपणात मिळणारे रोख साहाय्य सरासरी वेतनाच्या ७० टक्के असते. ते महिन्याच्या हिशेबाने १२,६०० वरून ९,१०० रुपयांवर येते. एकच व्याख्या ‘अ’ला विम्यात आणते आणि ‘ब’चे आजारपणातील साहाय्य कमी करते. नव्या व्याख्येने मालकाचा खर्च वाढला किंवा कामगाराचे कल्याण झाले, ही दोन्ही सरसकट विधाने यामुळे अपुरी ठरतात. मोबदल्याची मांडणी कशी आहे यावर सारे अवलंबून आहे.

वगळलेल्या बाबी बरोबर निम्म्या ठेवल्यास २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत ४२,००० रुपयांपर्यंत एकूण मोबदला असलेला कर्मचारी सामावू शकतो. म्हणजे वेतनमर्यादा न वाढविताही योजनेची कक्षा बरीच रुंदावते. रुग्णालयांची संख्या मात्र व्याख्येने वाढत नाही.

आरोग्यविमा : वर्गणी की कर?

अर्थशास्त्रात एक विचार सर्वमान्य आहे. सक्तीच्या वर्गणीच्या बदल्यात मिळणारी सेवा कामगारास मोलाची वाटत असेल, तर तो ती वर्गणी मोबदल्याचाच भाग समजतो आणि रोख वेतनात तेवढी तडजोड स्वीकारतो. सेवा मोलाची वाटत नसेल, तर तीच वर्गणी दोन्ही बाजूंना कर वाटू लागते. मालक ती टाळण्याचे मार्ग शोधतो आणि कामगार त्याकडे दुर्लक्ष करतो. राज्य कामगार विमा योजनेचे कोडे नेमके येथे आहे.

कागदावर ही योजना खाजगी गटविम्यापेक्षा कितीतरी व्यापक आहे. गटविमा बहुधा रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च ठरावीक रकमेपर्यंत देतो. राज्य कामगार विमा कुटुंबासह बाह्यरुग्ण उपचार, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचे साहाय्य, कामावरील अपघातामुळे आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के रक्कम, प्रसूतिसाहाय्य आणि कामावरील अपघातामुळे मृत्यू झाल्यास अवलंबितांस निवृत्तिवेतन देतो. मालकाचीही भरपाईच्या दायित्वातून सुटका होते. योजनेबाहेरचा कामगार यंत्रात सापडून जायबंदी झाल्यास ते दायित्व थेट मालकावर येते. ‘अ’सारखा कामगार योजनेत येणे ही कारखानदाराच्या दृष्टीने केवळ ४८७.५० रुपयांची वाढ नाही. एका अनिश्चित आणि कधीकधी फार मोठ्या जोखमीतून ती मुक्तताही आहे.

मग नाराजी का? उत्तर बऱ्याच अंशी भूगोलात आहे. मुंबईतील योजनेची जुनी रुग्णालये गिरणगाव आणि उपनगरांतील औद्योगिक वसाहती डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. १९८२ च्या गिरणी संपानंतर कापडगिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. वस्तुनिर्माण उद्योग चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी अशा नव्या क्षेत्रांकडे सरकला. कामगार सरकला, पण इमारती सरकल्या नाहीत. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या कामगार रुग्णालयास लागलेल्या आगीने या व्यवस्थेची दुर्बलता सर्वांसमोर आली. प्राणहानी झालीच, शिवाय एका मोठ्या औद्योगिक पट्ट्यातील विमाधारकांचे हक्काचे रुग्णालयही हिरावले गेले.

दवाखाना दूर असला की चिठ्ठीसाठी कामगाराची अर्धी पाळी जाते. त्या वेळेची किंमत वर्गणीच्या हिशेबात कोठेही दिसत नाही, परंतु मालक आणि कामगार दोघेही ती मोजतात. दुसरे कारण द्विस्तरीय कारभार हे होय. वर्गणी केंद्रीय महामंडळ गोळा करते, तर बहुतांश दवाखाने राज्य शासन चालविते. वैद्यकीय खर्चाची विभागणी महामंडळ व राज्य यांच्यात ७:१ अशी आहे. आपल्या वाट्याचा खर्च अल्प असूनही नेमणुका, औषधखरेदी व देखभाल राज्याच्या कार्यपद्धतीतून जाते. पैसा एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी ही रचना आहे.

२०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी कामगारास राज्य कामगार विमा किंवा मान्यताप्राप्त आरोग्यविमा यांतून निवड करू देण्याचा प्रस्ताव मांडला होता. सामाजिक सुरक्षा संहितेत तसा सरसकट पर्याय आलेला नाही. निवडीमुळे तरुण व निरोगी कामगार बाहेर पडतील आणि जोखीम वाटून घेण्याचे तत्त्वच मोडेल, ही भीती अनाठायी नाही. परंतु निवड नाकारायची असेल तर सेवेची हमी अधिक ठोस असावी लागते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना योजना लागू करणे, धोकादायक कामात एक कामगार असला तरी ती लागू करता येणे आणि दहाहून कमी असल्यास स्वेच्छेने सहभागी होता येणे, या संहितेतील तरतुदी स्वागतार्ह आहेत. त्या सेवेच्या विस्ताराविना आल्या, तर वर्गणीदार वाढतील आणि लाभार्थी तेवढेच राहतील.

आरोग्य तपासणी आणि व्यावसायिक आजार

व्यावसायिक सुरक्षा संहितेने विहित वयाच्या वा वर्गाच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. चाळीस वर्षांवरील कामगारांना ही सोय मिळेल, असे संहिता लागू करताना शासनाने जाहीर केले. तपासणीचा खर्च फार मोठा नाही. कारखानदाराच्या मनातील खरी भीती तपासणीतून निघणाऱ्या निष्कर्षाची असते.

कोल्हापूर परिसरातील फाउंड्री उद्योगाचे उदाहरण घेऊ. ओतकामासाठी वापरल्या जाणाऱ्या वाळूत सिलिका असते. साचे फोडताना व ओतीव भाग साफ करताना तिची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाते आणि वर्षानुवर्षांच्या संपर्काने सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही आणि बहुधा अनेक वर्षांनंतर उघड होतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार तो अधिसूचित व्यावसायिक आजार होता. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्या कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. फाउंड्रीचा त्या यादीत समावेश होता आणि कामावर घेण्यापूर्वी व त्यानंतर बारा महिन्यांच्या आत नियमित तपासणी, तसेच आरोग्याची नोंद ठेवणे बंधनकारक होते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या हक्काचा भाग मानला आणि आरोग्याची नोंद नेमणुकीपासून किमान ४० वर्षे अथवा सेवा संपल्यानंतर १५ वर्षे जपण्याचा आदेश दिला.

म्हणजे फाउंड्री मालकास तपासणीची सक्ती नवी नाही. नवे आहे ते कामगाराच्या सेवेचे बदलते स्वरूप.

निश्चित मुदतीची नेमणूक आणि संख्यामर्यादा

औद्योगिक संबंध संहितेने ले-ऑफ, कामगार कपात व कारखाना बंद करणे यांसाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. ही ३०० ची संख्या नवी नाही. १९७६ मध्ये हे बंधन प्रथम आले तेव्हा मर्यादा ३०० हीच होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली. स्थायी आदेशांची मर्यादाही ३०० झाली आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० कामगारांपासून लागू होतात. महाराष्ट्राने हा बदल आधीच केलेला होता. संपासाठी पूर्वसूचना आता सर्व औद्योगिक आस्थापनांत आवश्यक आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावयाचे आहे.

कारखाना ९९ कामगारांवर थांबविण्याचे जे प्रलोभन पूर्वी होते, ते आता २९९ वर सरकेल. प्रलोभन नाहीसे होत नाही, त्याची जागा बदलते. तरीही शंभर ते तीनशे कामगारांच्या मध्यम कारखान्यांना यामुळे वाढण्यास वाव मिळेल, हे मान्य करावे लागेल.

निश्चित मुदतीच्या नेमणुकीस २०१६ मध्ये तयार कपड्यांच्या उद्योगात व २०१८ मध्ये सर्व क्षेत्रांत केंद्रीय नियमांनी वाट मोकळी झाली होती. आता तिला संहितेचे अधिष्ठान मिळाले. अशा कामगारास कायम कामगाराइतकेच वेतन व सोयी द्याव्या लागतात आणि पाच वर्षांची अट न लावता सेवेच्या प्रमाणात उपदान द्यावे लागते. तो भार वेतनाच्या सुमारे ४.८ टक्के येतो. मुदत संपल्यावर कपातीची भरपाई मात्र द्यावी लागत नाही. कंत्राटदारामार्फत कामगार घेण्यापेक्षा ही पद्धत पारदर्शक आहे.

परंतु आरोग्याच्या दृष्टीने पाहता येथे एक पोकळी आहे. राज्य कामगार विम्यात रोख आजारसाहाय्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. नव्या विमाधारकाचा साहाय्यकाळ नेमणुकीनंतर नऊ महिन्यांनी सुरू होतो. आठ महिन्यांसाठी घेतलेला कामगार पहिल्या दिवसापासून वर्गणी भरतो आणि उपचारांस पात्रही असतो, पण साधारण आजारात बुडालेल्या रोजंदारीची भरपाई त्यास मिळत नाही. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. सिलिकोसिस दहा-पंधरा वर्षांनी उघड होतो. त्या काळात निश्चित मुदतीच्या कामगाराने पाच-सहा फाउंड्री पाहिलेल्या असतात. विसाव्या वर्षी धुळीत उतरलेला तरुण वयाच्या चाळिशीनंतरच्या तपासणीपर्यंत कोणत्या मालकाच्या नोंदवहीत आढळेल? आजार कोणाकडे झाला, याचे उत्तर कोणाकडेही नसेल. प्रत्येक मालक आपल्या वर्षापुरता निर्दोष आणि कामगार आयुष्यभराचा रुग्ण, अशी स्थिती उद्भवू शकते.

यात चांगल्या कारखानदाराचीही हानी आहे. धूळ शोषणारी यंत्रणा बसवून खर्च करणाऱ्या मालकाकडे दुसरीकडून आजार घेऊन आलेला कामगार येतो. त्याच्या पूर्वीच्या तपासणीची नोंद नसल्याने दोषाचे बोट याच मालकाकडे वळते. स्वाभाविकच छातीचा किंचित दोष आढळलेल्या कामगारास मुदतवाढ न देण्याकडे कल होतो. आरोग्य तपासणी संरक्षणाऐवजी गाळणीचे साधन बनण्याचा हा धोका कायद्याच्या चर्चेत अभावानेच दिसतो.

निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) संहितांचा थेट आर्थिक भार कारखान्यागणिक वेगळा आहे. भत्त्यांवर भर देणाऱ्या कारखान्यांचा खर्च वाढेल, मूळ वेतन निम्म्याहून अधिक ठेवणाऱ्यांचा फारसा वाढणार नाही आणि विम्याची वर्गणी काही ठिकाणी घटेलही.

२) मागील सेवेचे उपदान हे लहान कारखान्यांपुढील तातडीचे दायित्व आहे. त्याची गणना व टप्प्याटप्प्याने तरतूद त्वरित व्हावी.

३) व्याख्येमुळे ज्यांचे आजारसाहाय्य घटते, अशा विमाधारकांसाठी साहाय्याच्या दराचा किंवा वेतनमर्यादेबरोबरच हिशेबाच्या पायाचा फेरविचार आवश्यक आहे.

४) नव्या औद्योगिक क्षेत्रांत दवाखाने व करारबद्ध रुग्णालये यांचा विस्तार झाल्याशिवाय योजनेची कक्षा वाढविणे हे वर्गणीचे कर्तव्य वाढविणे ठरेल. मालक संघटनांनी वर्गणी कमी करण्याऐवजी सेवेचा आग्रह धरणे त्यांच्याच हिताचे आहे.

५) निश्चित मुदतीच्या कामगाराची आरोग्यनोंद मालकाशी नव्हे, तर कामगाराच्या विमा क्रमांकाशी जोडली जावी. तो कोठेही गेला तरी ती त्याच्याबरोबर जावी आणि तिच्या आधारे नेमणूक नाकारण्यास प्रतिबंध असावा. धुळीच्या उद्योगांत तपासणीस वयाची अट नसावी.

६) वाणिज्य, अर्थशास्त्र व विधी या विषयांच्या महाविद्यालयीन विभागांना येथे कार्यास वाव आहे. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील वेतनरचना व दवाखान्यांपर्यंतचे अंतर यांची साधी पाहणीही धोरणकर्त्यांस उपयोगी पडेल.

आडारकरांच्या योजनेने मालक, कामगार आणि शासन यांच्यात एक करार घडवून आणला होता. नव्या संहितांनी नेमणुकीचे स्वरूप बदलले, वेतनाची व्याख्या बदलली, संख्यामर्यादा बदलल्या. वर्गणीच्या बदल्यात विश्वासार्ह उपचार, हा करारातील शासनाचा वाटा मात्र तसाच अपुरा राहिला आहे. तो पूर्ण झाल्यास कारखानदार ३.२५ टक्क्यांना भार म्हणणार नाही. तोवर, कपात सोपी झाली की अवघड यावर कितीही वाद झाला, तरी साच्याजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या श्वासाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहील.